दुरंगी पाहुणा

काचेच्या पेटीतला समुद्र आणि त्यात राहणाऱ्या एका बोटभर माशाची हकीगत

दिवाळीच्या आधी आमच्या घरात जी साफसफाई होते तिच्यातून काही म्हणता काही सुटत नाही. माळा सुटत नाही, पंख्यांची पाती सुटत नाहीत, माझी पुस्तके सुटत नाहीत. पितळेची भांडी चिंच लावून लखलखीत होतात, खिडक्यांच्या काचा जुन्या वर्तमानपत्रांनी पुसल्या जातात. या साऱ्या धामधुमीत अख्ख्या घरात एकच काच अशी आहे, की तिला कोणी हात लावायचा नाही असा आमच्या सौभाग्यवतींचा हुकूम आहे. ती म्हणजे दिवाणखान्यातल्या मत्स्यपेटीची मागची काच. तिच्यावर हिरवट-तपकिरी शेवाळाचा चांगला थर बसलेला आहे.

फराळाला आलेल्या एखाद्या शेजारणीची नजर तिकडे जातेच. मग ती हळूच म्हणते, "वहिनी, ही काच तेवढी पुसायची राहिली वाटतं?"

"राहिली नाही हो, राखली आहे!" आमची ही उत्तर देते.

ही काच कशी राखली गेली, आणि ती राखायला शिकण्यापूर्वी आमच्या हातून काय घडले, तेच आज सांगायला बसलो आहे. या हौसेच्या वाटेला जाणाऱ्या चार वाचकांचा जरी त्यामुळे फायदा झाला, तरी एका मुक्या जिवाचे ऋण थोडेसे फिटेल.

हा बेडूक की मासा?

आमच्या पेटीपुढे उभा राहिलेला माणूस प्रथम दोन नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउन मासे पाहतो. मुलांना ते सिनेमामुळे ठाऊक असतात. मग अचानक त्याला दगडातल्या भोकातून कोणीतरी आपल्याकडे टक लावून बघत असल्याचा भास होतो. तो वाकतो. भोकात एक बोथट, गोलसर तोंड दिसते. वर दोन मोठे डोळे, आणि ते एकमेकांशी सल्लामसलत न करता निरनिराळ्या दिशांना फिरत असतात. ओठ जाड, चेहऱ्यावर नुकताच कोणी अपमान केल्यासारखा गंभीर भाव. नाकपुड्यांशी केसासारखे बारीक तुरे. "हा बेडूक आहे का हो?" हा प्रश्न मी आजवर किमान पन्नास वेळा ऐकला असेल.

बेडूक नव्हे, तो मासाच. ब्लेनी म्हणतात त्याला. 'चिकट बुळबुळ' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले. कारण या कुळातल्या माशांच्या अंगावर खवले नसतात, नुसता बुळबुळीत थर असतो. कुळ मोठे आहे, चारशेच्या आसपास जाती. आमच्याकडचा तो दोन रंगांचा ब्लेनी. अंगाचा पुढचा भाग गर्द निळसर-जांभळा, मागचा भाग पिकल्या संत्र्यासारखा. शास्त्रीय नाव 'एक्सेनियस बायकलर', म्हणजे सरळ मराठीत दुरंगी. माणसाला दुरंगी म्हणणे ही शिवी. पण या माशाइतका सरळमार्गी प्राणी मी बँकेच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत फारसा पाहिला नाही.

या माशाचे आपल्या देशाशी एक जुने नातेही आहे. त्याला 'बायकलर' हे नाव दिले फ्रान्सिस डे याने. हा मद्रास फौजेतला डॉक्टर. पुढे तो हिंदुस्थानच्या मत्स्यखात्याचा प्रमुख झाला आणि 'द फिशेस ऑफ इंडिया' हा जाडजूड ग्रंथ त्याने १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध केला. ग्रंथाची पुरवणी १८८८ साली निघाली, आणि त्याच साली हा मासा शास्त्राच्या वहीत दाखल झाला. पुढच्याच वर्षी डे वारला. मोठमोठ्या माशांची नोंद करून झाल्यावर आयुष्याच्या अखेरीस त्या गृहस्थाने या चिमुकल्यालाही विसरले नाही, याचे मला कौतुक वाटते.

त्याचे मूळ घर प्रवाळाच्या खडकांत. मालदीवपासून पूर्वेला प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत, उत्तरेला जपानच्या दक्षिणेकडील र्‍यूक्यू बेटांपर्यंत आणि दक्षिणेला ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या प्रवाळभिंतीपर्यंत. सूर्यप्रकाश पोचतो अशा उथळ पाण्यात, एखाद्या किड्याने किंवा शिंपल्याने पोखरून सोडून दिलेल्या भोकात तो बिऱ्हाड करतो. लांबी फार तर अकरा सेंटिमीटर. बहुतेक ब्लेनींप्रमाणे त्याच्या पोटात हवेची पिशवी नसते. त्यामुळे पाण्यात तरंगत राहणे त्याला जमत नाही. या दगडावरून त्या दगडावर टुणकन उडी मारायची, पुढच्या परांवर कोपरे टेकल्यासारखे टेकून बसायचे, इकडे तिकडे पाहायचे, आणि संशय आला की भोकात शिरायचे, ही त्याची दिनचर्या. भोकात तो शिरतो तेही शेपटीकडून, उलटा. म्हणजे तोंड नेहमी दाराकडे. आमच्या चाळीत पूर्वी एक काका असेच खिडकीत बसत असत.

हौसेचे बीज

ही हौस माझ्या डोक्यात कधी शिरली ते मला नेमके सांगता येते. मुंबईला मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. मी सात-आठ वर्षांचा असताना मामाने मला तिथे नेले. बाहेर उन्हाने डांबर पाघळत होते आणि आत थंडगार अंधार. त्या अंधारात एकामागून एक उजळलेल्या खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीत समुद्राचा एक तुकडा. मामाने ओढून बाहेर काढले तेव्हा मी रडलो होतो म्हणे. मोठेपणी असा एक तुकडा आपल्या घरी असावा हे तेव्हाच मनाने घेतले. पण नोकरी, बदल्या, मुलांची शिक्षणे यांतून समुद्राला जागा मिळायला २०१९ साल उजाडावे लागले. तोवर मी निवृत्त झालो होतो आणि पुण्यात स्थायिक झालो होतो, म्हणजे समुद्रापासून दीडशे किलोमीटर दूर!

"मासे काय बघत बसायचे?" आमची ही म्हणाली. तिचे माहेर गोव्याचे. तिच्या लेखी माशाचे दोनच प्रकार, तळायचे आणि हुमणाचे. तिला मी दुरंग्याचे चित्र दाखवले तेव्हा तिने चष्मा वर करून पाहिले आणि निकाल दिला, "एवढासा? याचं हुमणसुद्धा व्हायचं नाही."

पेटीत समुद्र भरावा कसा?

गोड्या पाण्यातले मासे पाळणे आणि खाऱ्या पाण्यातले पाळणे यांत चहा करणे आणि श्रीखंडपुरीचा बेत करणे इतका फरक आहे. माझी पेटी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. तिच्यात सुमारे पावणेदोनशे लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन पावणेदोनशे किलो. तेव्हा पेटी ठेवायची घडवंची बळकट हवी, जुने कपाट चालायचे नाही. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते नुसते स्वयंपाकातले मीठ नव्हे. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे बरेच काही त्यात असते. त्यासाठी समुद्री क्षारांचे तयार मिश्रण मिळते. ते गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात विरघळवायचे. माझ्या पेटीला पहिल्या खेपेस सहा किलो लागले. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळपास आणि उष्णता २४ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखायची.

इथे नवशिक्याला एक गोष्ट उलटी वाटते. पेटीतले पाणी रोज थोडे आटते, पण आटते ते नुसते पाणी. मीठ मागेच राहते. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. माझ्या एका स्नेह्यांनी दर दोन दिवसांनी खारे पाणी ओतून महिन्याभरात आपल्या पेटीचा मृत समुद्र करून टाकला होता.

दुसरी गोष्ट डोळ्यांना न दिसणारी. माशाच्या मलमूत्रातून आणि कुजलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो आणि तो माशाला विष. निसर्गात काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे काही जिवाणू त्या नायट्राइटचे बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू दगडांवर, वाळूत वस्ती करतात, आणि त्यांची वस्ती बसायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीत मासा सोडायचा नाही. विरजण लागण्याआधी भांडे हलवले तर दही लागत नाही, तसेच हे.

हे सगळे मी पुस्तकांतून वाचले होते आणि काटेकोर पाळलेही. गणपतीच्या आधी पेटी भरली, सहा आठवडे नुसत्या पाण्याकडे आणि दगडांकडे पाहत बसलो, रोज तपासणी करून आकडे वहीत उतरवले. बँकेची सवय! दसऱ्याच्या दिवशी दुरंगी घरी आला.

आमची चूक

ज्या दुकानातून तो आणला त्या दुकानदाराने प्लॅस्टिकची पिशवी माझ्या हातात देताना सांगितले, "काका, एकदम चिवट मासा. काहीही खातो. शिवाय शेवाळ साफ करतो, तुमचं काम वाचवतो." चिवट हे एका परीने खरे. पण 'काहीही खातो' या दोन शब्दांवर मी विसंबलो.

दुरंगी पेटीत रुळला. भोक निवडले, डोळे फिरवले. नात सई तेव्हा सात वर्षांची होती. तिने त्याचे नाव 'इन्स्पेक्टर' ठेवले. मी दाणेदार खाद्य टाकीत असे. इन्स्पेक्टर एखादा दाणा तोंडात घेई आणि लगेच थुंकून देई. "रागावलाय," सई म्हणे. आम्ही हसत असू.

त्यातच दिवाळी आली. घरभर झाडलोट सुरू झाली आणि मला वाटले, आपली पेटीच मागे का राहावी? काचांवर, दगडांवर नुकताच कोवळ्या शेवाळाचा पातळ मळ धरू लागला होता. मी बाह्या सरसावल्या. चारी काचा आतून घासल्या. जुना दातांचा ब्रश घेऊन दगडन् दगड घासला. पेटी आरशासारखी झाली. पाडव्याला आलेल्या मंडळींनी तोंडभरून वाखाणली. तेव्हापासून मी दर रविवारी हाच कार्यक्रम ठेवला.

दुरंग्याचे पोट आत जाऊ लागले आहे हे मला दिसत नव्हते असे नाही. दिसत होते, पण 'भोकात आखडून बसतो म्हणून तसे दिसते' अशी मी स्वतःची समजूत घातली. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी तो भोकात दिसला नाही. वाळूवर आडवा पडलेला होता. संत्र्याचा रंग उडून पिवळट झाला होता. पोट पाठीला लागले होते.

सई शाळेतून आली. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आजोबा, तो उपाशी होता का?"

मी 'आजारी होता' असे सांगणार होतो. शब्द तोंडाशी आलेही होते. पण आत स्वयंपाकघरातून ही बाहेर आली होती आणि माझ्याकडे पाहत उभी होती. मी म्हटले, "हो, बाळ."

"आणि आपण लाडू खात होतो?"

त्या वर्षी उरलेला फराळ मला गोड लागला नाही, एवढेच सांगतो.

खडपातला धडा

झाले काय होते ते मला पुढे कळले. या माशाच्या जबड्यात बारीक दातांची कंगव्यासारखी रांग असते. तिने तो दगडावरचे शेवाळ दिवसभर, मिनिटामिनिटाला एकेक चावा घेत खरवडतो. त्याबरोबर शेवाळात अडकलेला कुजका गाळ आणि सूक्ष्म जीवही पोटात जातात. आपण दोनदा जेवणारे प्राणी. हा चरणारा प्राणी. गाईला दिवसातून एकदा मूठभर दाणे टाकायचे आणि कुरण मात्र रोज खणून काढायचे, असा माझा उद्योग चालला होता. काही ब्लेनी दाणेदार खाद्य खायला शिकतात, काही शिकत नाहीत. आमचा शिकला नाही, आणि त्याच्या पोटचे मी स्वच्छतेच्या नावाखाली हिरावून घेतले.

हे पुस्तकात वाचण्याआधी मी डोळ्यांनी पाहिले. २०२० च्या जानेवारीत अलिबागजवळच्या एका गावी आम्ही नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. ओहोटीला मी एकटाच खडपावर गेलो. कातळातल्या डबक्यांत आपल्या किनाऱ्यावरचे तपकिरी ठिपक्यांचे ब्लेनी होते, दुरंग्याचे गरीब चुलतभाऊ. चिखलातल्या निवटीसारखे उड्या मारीत ते एका डबक्यातून दुसऱ्यात जात. एका डबक्याशी मी अर्धा तास बसलो. मासा सारखा टोचे मारीत होता. दगडाला तोंड लावायचे, उचलायचे, पुन्हा लावायचे. क्षणाची उसंत नाही.

जवळच एक म्हातारी कालवे फोडत बसली होती. तिने विचारले, "काय हरवलं का हो?" मी तिला सगळी हकीगत सांगितली. ती हसली नाही. कोयतीने कातळावरचा हिरवा थर दाखवून म्हणाली, "ह्यो हाय म्हणून त्यो हाय. ह्येच खरडून टाकल्यावर त्यानं जावं कुठं?"

गंमत अशी, की हीच चूक साऱ्या जगाने केलेली आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, तेव्हापासून शंभर वर्षे पेटीतला समुद्र टिकवण्याची खटपट चालू होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हौशी लोक मेलेली पोवळी पांढरीशुभ्र धुऊन पेटीत मांडत, आणि शेवाळ दिसले की पुन्हा धुऊन काढत. मग १९६१ साली इंडोनेशियातल्या ली चिन एंग नावाच्या गृहस्थाने एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत लिहिली. समुद्रातले जीवजंतूंनी भरलेले दगड जसेच्या तसे पेटीत ठेवायचे, हवेचे बुडबुडे सोडायचे, सूर्यप्रकाश येऊ द्यायचा, आणि फार ढवळाढवळ करायची नाही. आजच्या प्रवाळपेट्यांचे मूळ तिथे आहे. ज्याला आपण मळ म्हणतो तो त्या घरातला स्वयंपाक असतो, हे मला समजायला साठ वर्षे उशीर झाला.

दुसरा दुरंगी

अलिबागहून परतलो आणि दोन महिन्यांत टाळेबंदी आली. नवा मासा आणण्याचा प्रश्नच नव्हता, आणि खरे सांगायचे तर हिंमतही नव्हती. पेटी मात्र मी चालू ठेवली. पुढची काच तेवढी पुसत असे, बाकी तिन्ही काचांना आणि दगडांना हात लावला नाही. हळूहळू तपकिरी थर आला, मग हिरवा, मग त्यात बारीक किडे फिरू लागले. पुढे पैदास केंद्रात जन्मलेली क्लाउन माशांची जोडी आणली. ती सुखाने नांदली. गॅलरीतल्या उन्हात दोन बादल्यांत खारे पाणी घालून मी जादा दगडांवर शेवाळ वाढवू लागलो. एका दगडावरचे संपले की दुसरा आत ठेवायचा. कुंड्यांत कोथिंबीर लावतात तशी ही आमची शेती.

२०२२ च्या फेब्रुवारीत दुसरा दुरंगी आला. या वेळी मी दुकानात लागोपाठ तीन दिवस गेलो. त्या दुकानदाराला मी आधी बजावले, "हा मासा माझ्यासमोर जेवला तर घेईन." माशाचे पोट भरलेले आहे ना, तो काच टोचतो आहे ना, हाताची सावली पडली की झटकन भोकात पळतो आहे ना, हे तिसऱ्या दिवशीही पाहिले आणि मगच पैसे मोजले. मासा कुठून आणि कसा पकडून आला तेही विचारले. ही चौकशी अवश्य करावी. फिलिपाइन्समध्ये १९६० च्या दशकापासून सायनाइडचे पाणी फवारून, मासे गुंगवून पकडण्याची वाईट चाल पडली. त्यात प्रवाळ मरते आणि पकडलेला मासाही पुष्कळदा काही आठवड्यांत दगावतो.

घरी आणल्यावर पेटीतले पाणी थेंबथेंब करून त्याच्या भांड्यात सोडले, तासाभराने त्याला आत घेतले. चौथ्या दिवशी हिने पुढाकार घेतला. जपानी लोक भाताला गुंडाळतात तो वाळवलेल्या समुद्रशेवाळाचा कागद तिने कात्रीने कापला आणि चिमट्यात धरून काचेला लावला. दुरंगी भोकातून बाहेर आला, डोळे फिरवले आणि त्या कागदावर तुटून पडला.

"बघा," ही म्हणाली, "माणूस असो की मासा, त्याला काय आवडतं ते आधी विचारावं लागतं." यावर मी काही बोललो नाही. संसाराच्या चाळीस वर्षांत मी ते किती वेळा विचारले होते, हा हिशेब निघाला असता.

आता ती खोलीत आली की तो बाहेर येतो. मी आलो की येत नाही. मनःस्थितीप्रमाणे त्याचा रंग बदलतो. घाबरला की फिका पडतो, रात्री अंगावर डाग उमटतात. २०२३ च्या जुलैत एका रात्री वीज गेली ती दहा तास आली नाही. पंप बंद पडला की पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागतो. बॅटरीवरचा छोटा पंप रात्री दोनला मान टाकून बसला. मग आम्ही दोघे पाळीपाळीने तांब्या घेऊन बसलो. पाणी उचलायचे, उंचावरून धार सोडायची. पहाटे पाच वाजता मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा उजाडले होते आणि हिचा हात तसाच चालू होता. ज्याचे हुमणसुद्धा होणार नाही अशा माशासाठी!

कोणाच्या शेजारी कोण?

दुरंग्याचे बिऱ्हाड करू इच्छिणाऱ्यांसाठी आता रोखठोक चार गोष्टी.

पेटी शंभर-सव्वाशे लिटरांहून लहान नसावी, आणि निदान सहा महिने चाललेली असावी. दगडांत भोके, कपारी भरपूर असाव्यात. वर जाळीचे झाकण हवेच. ब्लेनी उडी मारण्यात पटाईत असतात आणि सकाळी तो सोफ्याखाली वाळलेला सापडणे दुःखद असते. एका पेटीत एकच ब्लेनी ठेवावा. स्वजातीयांशी, आणि त्याच्यासारख्याच आकाराच्या, तळाशी वावरणाऱ्या माशांशी त्याचे पटत नाही. चावायला कमी करत नाही. उलट फार दांडगे मासे सोबत असले तर तो भोकात दडून उपाशी राहतो. जिवंत पोवळी असतील तर त्यांनाही क्वचित टोचतो. शेवाळ साफ करायला नोकर म्हणून त्याला आणू नये. तो जेवायला आलेला आहे.

ब्लेनी म्हणून दुकानात दुसरे काही गळ्यात पडत नाही ना, तेही पाहावे. या कुळात भले आहेत तसे भामटेही आहेत. इतर माशांच्या अंगावरचे किडे वेचून खाणारा एक उपकारी निळ्या पट्ट्याचा मासा असतो; मोठे मासे त्याच्यापुढे निःशंक उभे राहतात. एका ब्लेनीने हुबेहूब त्याचे रूप घेतले आहे, आणि तो जवळ जाऊन परांचा लचका तोडतो. ओळखायची खूण म्हणजे या तोतयाचे तोंड नाकाच्या खाली असते. आणखी एका गटातल्या ब्लेनींच्या दातांत विष असते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की त्या विषात अफूसारखा परिणाम करणारे द्रव्य आहे. तो दंश फारसा दुखत नाही, पण चावलेल्याचा रक्तदाब उतरतो. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर तर एक ब्लेनी मोठेपणी पाण्यात राहायचेच सोडून लाटांनी भिजणाऱ्या खडकांवर उड्या मारीत राहतो. चारशे जातींचे कुळ म्हटल्यावर हे चालायचेच!

एक गोष्ट कायद्याची. आपल्याकडे पोवळ्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. तेव्हा सहलीला गेलेल्यांनी पोवळ्याचा दगड पेटीसाठी उचलून आणू नये. सिमेंटचे किंवा भाजलेल्या मातीचे सच्छिद्र दगड मिळतात. वर्षभरात त्यांवरही तोच संसार उभा राहतो, हे मी स्वानुभवाने सांगतो.

शेवटचा प्रश्न

"पण मुळात त्याला समुद्रातून आणावंच का?" हा प्रश्न आता तेरा वर्षांची झालेली सई विचारते, आणि तो टाळण्यासारखा नाही.

दुरंग्याची मादी भोकात अंडी चिकटवते आणि नर ती राखत बसतो. त्यातून निघालेली पिल्ले प्रवाहाबरोबर वाहत जातात. ती इतकी सूक्ष्म असतात, की त्यांना पेटीत वाढवणे फार जिकिरीचे. काही जातींचे ब्लेनी आता पैदास केंद्रांत जन्मतात, पण दुकानात येणारे पुष्कळसे अजूनही समुद्रातून धरलेले असतात. आणि हे चिमुकले मासे तिथे बिनकामाचे नसतात. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाप्रमाणे, प्रवाळखडकावर जेवढे माशांचे मांस खाल्ले जाते त्याचा जवळजवळ ६० टक्के वाटा गोबी, ब्लेनी अशा लहानग्यांचा असतो. साऱ्या खडकाचा शिधा हेच पुरवतात.

म्हणून माझे उत्तर असे. पैदास केंद्रातला मिळत असेल तर तोच घ्यावा. समुद्रातला आणायचा तर एकच आणावा, आणि तो मरेपर्यंत आपला पाहुणा आहे हे समजून आणावा. सुट्टीत गावाला जायचे तर मागे कोणी पाहणारे असले पाहिजे. वर्षभर रिकाम्या पेटीकडे पाहत बसण्याचा धीर नसेल, तर ही हौस करूच नये. मत्स्यालयाचे तिकीट काढावे; ते स्वस्त पडते, माशालाही आणि आपल्यालाही.

"आणि पहिल्याचं काय?" सई विचारते. त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. मी फक्त वहीतले ते पान फाडलेले नाही.

ही आमच्या दुसऱ्या दुरंग्याची चौथी दिवाळी. काल घरातली सगळी साफसफाई उरकली. संध्याकाळी आकाशकंदील लावला. त्याचा तांबडा उजेड पेटीच्या मागच्या काचेवर पडला, आणि त्या हिरव्या थरावर टोच्यांच्या बारीक बारीक खुणा दिसल्या, ओळीने, एकाखाली एक. आमची ही स्टुलावर बसून त्या पाहत होती.

"आज चांगला जेवलाय," ती म्हणाली, आणि चकल्या तळायला आत गेली.